जाहीर लिलाव

रायगड जिल्ह्यातील तळा गावच्या तहसील कचेरीबाहेर जप्त वाळूच्या 'जाहीर लिलावा'ची नोटीस वाचताना हे दोन शब्द एकच गोष्ट दोनदा सांगत असावेत, अशी शंका मला आली आणि कोश उघडताच ती खरी ठरली. 'लिलाव' ज्या पोर्तुगीज शब्दापासून आला, त्याचे मूळ अरबीत आहे. कोणी ते 'निशाणे' या अर्थाच्या शब्दाशी जोडतात, कोणी 'वर्दी देणे' या अर्थाच्या. माझा कौल दुसऱ्यास, जरी दोहोंचा धातू एकच असला.

हा शब्द हिंदी 'नीलाम'वरून आला, हे मत मला मान्य नाही. हिंदीत आद्य 'ल'चा 'न' झाला, मराठीत तो शाबूत राहिला. शिवाय ज्या अनुनासिक अंत्य ध्वनीतून आपल्याला 'पाव' मिळाला, त्यातूनच 'लिलाव'ही. रेवदंड्यास 1740 पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल असताना शब्दाने उत्तरेचा फेरा कशाला घ्यावा? मुरुडच्या किनाऱ्यावर मासळीच्या पाटीभोवती कोंडाळे जमून 'एकवार, दोनवार' पुकारले जाते, तेथे कानात सांगितलेला भाव चालत नाही.

रेडिओलहरींचाही असाच लिलाव व्हावा, ही कल्पना 1951 साली लिओ हर्झेल या शिकागोच्या विद्यार्थ्याने मांडली आणि 1959 साली अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोझ यांनी उचलून धरली, तेव्हा अमेरिकेच्या दळणवळण आयोगाच्या एका आयुक्ताने ही थट्टा आहे काय, असे विचारले. त्याच आयोगाने 1994 मध्ये पहिला लिलाव पुकारला. आपल्याकडे 1885 च्या कायद्याने तारेचा मक्ता सरकारकडे होता. लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, हे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी 9 फेब्रुवारी 1995 च्या निकालात लिहिले. तरीही 10 जानेवारी 2008 रोजी, अर्जांची अंतिम तारीख मागाहून अलीकडे ओढून, मोबाइल-सेवेच्या परवान्यांची इरादापत्रे घेऊन जाण्याची वर्दी जेमतेम पाऊण तास आधी देण्यात आली. जनहित याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने 2 फेब्रुवारी 2012 रोजी त्या खेपेचे 122 परवाने रद्द केले. माझ्या मते तेथे चुकला तो भाव नव्हे, तर त्या अरबी शब्दाचा 'वर्दी देणे' हा अर्थ.

त्याच वर्षी न्यायालयाने, लिलाव हा सर्वच नैसर्गिक संपत्तीसाठी एकमेव मार्ग नव्हे, असेही सांगितले. 2023 च्या कायद्याने काही उपग्रह-सेवांना लिलावातून वगळले. त्यांच्या लहरींचे शुल्क किती असावे, यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2024 मध्ये सल्लामसलत-पत्र प्रसिद्ध करून, तळ्याच्या फलकावर असते तशाच भाषेत, हरकती व सूचना मागवल्या.