शहीदगंज आणि बारा वर्षे

एकदा वक्फ झालेली जमीन कायमची अल्लाहची, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. कोर्ट मात्र आधी ताबा विचारते.

लाहोरची शहीदगंज मशीद 1722 मध्ये वक्फ झाली. 1762 च्या सुमारास ती शिखांच्या ताब्यात गेली, शेजारीच गुरुद्वारा. इंग्रजी अंमल आल्यावर नूर अहमद नावाच्या माणसाने मुतवल्ली म्हणून दावे लावले, ते फेटाळले गेले. जुलै 1935 मध्ये मशीद पाडली गेली, तेव्हा खुद्द मशिदीच्या नावाने दावा गुदरला. 1940 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, मुदतीच्या कायद्यात मशिदीला अपवाद नाही. बारा वर्षांहून जास्त काळ दुसऱ्याची उघड, मालकीहक्काने वहिवाट असेल तर हक्क संपतो.

मला यात निव्वळ वैर दिसत नाही. पावणेदोनशे वर्षांचा ताबा कुठलेही कोर्ट सहज मोडणार नाही. पण आपल्याकडे वक्फची जमीन बळकावायला बारा वर्षे कुणी थांबत नाही, आणि कधीकधी मुतवल्लीच त्याला सामील असतो.

1995 च्या वक्फ कायद्यातील कलम 107 ने ही मुदत वक्फला लागू होऊ दिली नव्हती. 2025 च्या दुरुस्तीने ते कलम बदलून मुदतीचा कायदा वक्फला लागू केला. सरकारी जमिनीसाठी मुदत आजही तीस वर्षांची आहे. वक्फसाठी पुन्हा बाराच.