निकालपत्रात सापडलेले कंपनीचे नाव

१/ २० एप्रिल २००४. चीनच्या हुनान प्रांतातील चांगशा शहरातून शी ताओ या पत्रकाराने आपल्या याहू खात्यावरून न्यूयॉर्कला एक ईमेल पाठवला. तिआनमेन हत्याकांडाला त्या जूनमध्ये १५ वर्षे पूर्ण होणार होती. त्यानिमित्त वृत्तपत्रांना दिलेल्या सरकारी सूचनांचा गोषवारा त्यात होता. लेखकाचे खरे नाव मात्र नव्हते.

२/ नोव्हेंबरमध्ये त्यांना अटक झाली. राज्याची गुपिते परदेशी पुरवल्याच्या आरोपाखाली एप्रिल २००५ मध्ये १० वर्षांची कैद सुनावण्यात आली.

३/ निनावी लेखक सापडला कसा? याचे उत्तर निकालपत्रातच आहे. पुराव्यांच्या यादीत याहूच्या हाँगकाँगमधील कंपनीने पुरवलेली खातेदाराची माहिती नोंदवलेली आहे. दमनाची साधने सत्ता नेहमी लपवतेच असे नाही. कित्येकदा ती स्वतःच त्यांची दप्तरी नोंद ठेवते.

४/ याहूचा बचाव असा : स्थानिक कायदा पाळणे भाग होते, नकार दिला असता तर तेथील कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली असती. तपासाचे स्वरूप ठाऊक नव्हते, असेही कंपनीने २००६ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सांगितले. पुढे पोलिसांचे मागणीपत्रच उजेडात आले. त्यात आरोपाचा स्पष्ट उल्लेख होता.

५/ नोव्हेंबर २००७ मध्ये सहसंस्थापक जेरी यांग यांना समितीने पाचारण केले. त्यांच्या मागे शी ताओ यांच्या आई बसल्या होत्या. यांग यांनी वळून, मान लववून त्यांची क्षमा मागितली.

६/ २००८ मध्ये याहू, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनी मानवाधिकार संघटना आणि अभ्यासकांसह 'ग्लोबल नेटवर्क इनिशिएटिव्ह' स्थापन केला. सरकारी मागणीचा कायदेशीर आधार तपासावा, तिचा अर्थ शक्य तितका मर्यादित लावावा, नव्या देशात जाण्यापूर्वी तेथील धोके जोखावेत, ही त्याची तत्त्वे. सदस्यत्व अर्थातच ऐच्छिक.

७/ मूलभूत हक्कांचा विचार आपण नागरिक आणि राज्यसंस्था या दोघांपुरता करतो. येथे मधोमध तिसरा पक्ष उभा आहे आणि दप्तर त्याच्या हाती आहे. २००४ मध्ये नकार देणे कठीण होते, हे याहूचे म्हणणे कदाचित खरेही असेल. परंतु ग्राहकांची माहिती त्या सत्तेच्या आवाक्यात ठेवण्याचा निर्णय त्याआधीच झाला होता, आणि तो कोणी लादलेला नव्हता. इतिहासाने प्रश्न विचारायचा तो त्या आधीच्या दिवसाला.

८/ शी ताओ २०१३ मध्ये सुटले. आठ वर्षांहून अधिक काळ ते कैदेत होते.