पाठीतलं पाणी काय सांगतं

उमरठ आणि आसपासच्या वाड्यांतल्या गटांच्या बैठकांत आजारपणाच्या कर्जाचा विषय निघाला की आम्हांला एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पोराच्या पाठीत सुई मारू देऊ नका, पाय जातात." म्हणून आज त्या सुईचाच इतिहास सांगतो.

आपला मेंदू आणि मणक्यातला मज्जारज्जू स्वच्छ पाण्यात असतात. १८९१ साली जर्मनीतल्या कील शहरात हाइनरिश क्विंके या डॉक्टरांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून ते पाणी काढायची रीत पाडली. मज्जारज्जू वरच संपतो, सुई त्याच्या खाली टोचतात. नंतर काहींचं डोकं दुखतं, ते खरं. पण पाय लुळे पडतात ते बहुतेक वेळा आजारानं, आणि उशिरानं.

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवला होता. तरी मेंदूच्या आवरणाला टीबी झाला की मरण ठरलेलं. १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, तेव्हा कुठे माणसं वाचू लागली. पण औषध चालू असतानाही कुणी दगावे, कुणाची नजर जाई. असं का?

उत्तर त्याच पाण्यात होतं. जंतू शिरला की पांढऱ्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात, "शत्रू आला, धावा!" तान्हाजीरावांच्या गावाला मावळ्यांची धाव काय सांगायची! पण ही लढाई कवटीत होते, आणि तिथे हलायला जागा नाही. निरोप थांबले नाहीत तर सूज वाढते, रक्तवाहिन्या कोंडतात, आपल्याच मेंदूची नासाडी होते. १९८०च्या दशकात टीएनएफ नावाचा असा एक निरोप रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात सापडला. आपल्या नागपुरातही, सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये, मेंदूच्या टीबीच्या रुग्णांचं पाणी तपासून उपचारांबरोबर हे निरोप कसे बदलतात ते पाहिलं गेलं. तो अभ्यास २०१० साली छापून आला.

मग सूज दाबली तर? व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर हे करून पाहिलं. टीबीच्या औषधांसोबत डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टिरॉइड दिलं, तेव्हा शंभरातले मृत्यू ४१ वरून ३२ वर आले. हे २००४ साली जाहीर झालं. अपंगत्व मात्र त्यानं कमी झालेलं दिसलं नाही, म्हणून लवकर पोचण्याला तोड नाही. आणि हे औषध दुकानातून आपल्या मनानं आणायचं नाही, बरं का.

हा आजार दबक्या पावलांनी येतो. आठवडा-दोन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, उलट्या, पोर मलूल. पुढे मान ताठ होते, झापड येते. बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावण्यात हेच दिवस जातात. पोलादपूरच्या किंवा महाडच्या दवाखान्यात डॉक्टर पाणी काढायला मोठ्या रुग्णालयात जा म्हणाले, तर त्याच दिवशी निघायचं. गटाचं अंतर्गत कर्ज अशाच वेळेसाठी आहे, त्याला महिन्याच्या बैठकीची वाट बघू नये.

बाळाला जन्मतःच दंडावर जी बीसीजी टोचतात, ती १९२१ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा दिली गेली. मोठ्यांच्या छातीच्या टीबीला ती फारशी अडवत नाही. तान्ह्या पोरांना ती राखते ती मुख्यतः या मेंदूच्या टीबीपासून.