मसाला आणि मसलत

मंडळी, आज आपण स्वारगेटला जमलो आहोत, तर सुरुवात या नावापासूनच करू. 'स्वार' फारसी, 'गेट' इंग्रजी, आणि दोन्ही मिळून झालेलं नाव अस्सल पुणेरी. इथून जवळच गुलटेकडीचं मार्केट यार्ड. तिथल्या धणे, जिरे, दगडफूल, नागकेशराला आपण एकत्रितपणे जो शब्द वापरतो, त्या 'मसाल्या'ची गोष्टही अशीच आहे.

मूळ अरबी शब्द 'मस्लहा', म्हणजे हित, फायद्याची गोष्ट. त्याचं अनेकवचन 'मसालिह'. एकवचन फारसीतून 'मस्लहत' होऊन आपल्याकडे 'मसलत' झालं. म्हणजे पेशव्यांच्या पत्रांतली मोहिमेची मसलत आणि आपल्या डब्यातला मसाला ही मुळात एकाच शब्दाची दोन वचनं! 'सल्ला' हाही त्याच धातूचा, त्यांचा भाऊबंदच.

पण अरब माणूस मसाल्याला 'मसालिह' म्हणत नाही. तो 'तवाबिल' किंवा 'बहारात' म्हणतो. मग आपला अर्थ आला कुठून? फारसीत 'हिताच्या गोष्टी'चा अर्थ सरकत सरकत 'कामाला लागणारी सामग्री' असा झाला. आजही इराणात 'मसालेह' मागाल तर विटा-सिमेंट दाखवतील. स्वयंपाकातल्या मसाल्याला तिथे 'अदविये' म्हणतात, आणि ते 'दवा'चं अनेकवचन. हिंदुस्थानात मात्र या सामग्रीतली स्वयंपाकाची सामग्री पुढे आली. जुना अर्थ पुरता गेला नाही: हिंदीत गवंड्याच्या चुना-वाळूच्या मिश्रणालाही मसालाच म्हणतात.

मग हा शब्द परका म्हणून काढावा का? शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. 'दिनांक', 'महापौर' हे शब्द रुळले. मसाला मात्र जागचा हलला नाही. आपल्याकडे शब्द नव्हता असंही नाही. 'वेसवार' हा संस्कृत शब्द आजही काही घरांत आहे, पण तो एका विशिष्ट पुडीपुरता उरला. सगळ्यांना मिळून म्हणायला लोकांनी 'मसाला' निवडला.

आणि त्या मसाल्यातली लाल मिरची? ती पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून आली. तिला वगळून कांदा-लसूण मसाला करून बघा.

तेव्हा शब्दाचं मूळ गाव जरूर विचारावं, पण त्याला आजचा अर्थ कुठे मिळाला, हेही विचारावं. मसाल्याला तो आपल्याच चुलीशी मिळाला. आता प्रश्न घेऊ.