उजेडाचा कोन: मुंबई विसरली तो ६३.५ अंशांचा नियम

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रुग्ण तपासले आणि निदान केलं, गाठीचा प्लेग. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले.

रोगाचं मूळ कोंदट हवेत, ओलीत आणि अंधारात आहे, असं तेव्हाच्या सरकारचं मत. म्हणून १८९८ साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती फोडून रुंद रस्ते काढायचे, समुद्राची हवा आत आणायची. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट ही त्यातलीच कामं. दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनीही ट्रस्टच्याच आखणीतल्या.

गंमत बघा. त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. म्हणजे सरकारचा अंदाज चुकला होता. पण तोच अंदाज क्षयाला मात्र चपखल लागू पडतो. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, बंद अंधाऱ्या खोलीत बराच काळ तग धरतात, उन्हात लवकर मरतात.

ट्रस्टमधले अधिकारी जे. पी. ऑर यांनी उजेडासाठी एक साधा नियम धरला. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढा. तिचा कोन ६३.५ अंशांपेक्षा जास्त नको. सोप्या भाषेत सांगायचं तर समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर मधे मोकळं हवं.

ट्रस्टला देव्हाऱ्यात बसवायचं मुळीच कारण नाही. चाळी पाडल्या भराभर, बांधल्या सावकाश. उठवलेली गरीब माणसं शेजारच्याच चाळींत दाटीवाटीनं राहायला गेली. पण नियम मात्र शहाणपणाचा होता.

आता शंभर वर्षं पुढे या. गोवंडी-मानखुर्दकडे लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहती आहेत. तळमजला अधिक सात मजले, आणि दोन इमारतींमधे काही ठिकाणी जेमतेम ३ मीटर! जुन्या नियमानं २४ मीटर उंचीला १२ मीटर मोकळी जागा लागली असती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इथल्या घरांची पाहणी झाली. उजेड आणि वारा जिथे कमी, तिथे क्षय जास्त, असंच त्यात दिसलं.

आपण सल्ला काय देतो? खिडक्या उघड्या ठेवा, चांगल्या सवयी लावा. अहो, खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर दुसऱ्याची भिंत, आणि खाली बोळात साचलेला कचरा. दिवसासुद्धा ट्यूबलाइट लावावी लागते. सवय लावायलाही आधी जागा लागते. औषध फुकट मिळतं, पण गोळ्या घेऊन माणूस परत त्याच खोलीत झोपतो.

झोपडीतून पक्क्या घरात जाणं म्हणजे सुटका, असं आपण धरून चालतो. भिंती पक्क्या झाल्या, छप्पर गळायचं थांबलं, हे खरंच मोठं आहे. पण उजेड हिरावून घेतला तर त्याची किंमत फुफ्फुसं चुकवतात, तीही वर्षानुवर्षं.

आज मुंबईत जिकडे तिकडे पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत. चर्चा कशावर? चटईक्षेत्र, कॉर्पस, पार्किंग. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागणार आहे का?

उत्तर नकाशावरच मागा, तोंडी नको.