परीक्षेतील गुण आणि भाषा : मुंबई विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेपासूनचा एक मागोवा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे पुढे जिला सर्वत्र मॅट्रिक म्हणू लागले ती परीक्षा, घेण्यात आली. सव्वाशेहून अधिक उमेदवार बसले. उत्तीर्ण झाले ते जेमतेम वीस-बावीस. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. १८६२ साली विद्यापीठाचे जे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, ते रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. ह्या हकिकती विद्यापीठाच्या इतिहासात अभिमानाने सांगितल्या जातात व ते योग्यच आहे. परंतु उत्तीर्णांची नावे सांगताना अनुत्तीर्णांचा प्रश्न बाजूला राहतो. शंभरावर तरुण त्या वर्षी कशात कमी पडले? बुद्धीत, अभ्यासात, की ज्या भाषेत ती बुद्धी व तो अभ्यास व्यक्त करावयाचा होता त्या भाषेत?

हा प्रश्न त्या काळी अगदीच नवा नव्हता. विद्यापीठ निघण्यापूर्वी दहा वर्षे मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये ह्याच मुद्द्यावर मोठा वाद झाला होता. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे वरच्या शिक्षणासाठी इंग्रजीचे कैवारी. उलट बाजूस कर्नल जॉर्ज जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट. जर्व्हिस ह्यांचे मत केवळ तात्त्विक नव्हते. १८२० नंतरच्या दशकात त्यांनी गणितावरील ग्रंथ मराठीत आणून देशी तरुणांना अभियांत्रिकी शिकविण्याचा प्रयोग प्रत्यक्ष केला होता. मराठीतून गणित शिकविता येते की नाही हा त्यांच्या दृष्टीने वादाचा नव्हे, अनुभवाचा विषय होता. तथापि लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबईचे विद्यापीठ उभे राहिले, आणि उच्च शिक्षणाचे व परीक्षेचे माध्यम म्हणून इंग्रजीच रूढ झाली. १८६० नंतरच्या थोड्याच वर्षांत वरच्या परीक्षांच्या अभ्यासक्रमातून देशी भाषा विषय म्हणूनही गळाल्या व त्यांची जागा संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांनी घेतली. मराठीला एम्. ए. च्या परीक्षेत पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून रानडे अखेरपर्यंत झटले. त्यांना यश आले ते १९०१ च्या सुमारास, त्यांच्या मृत्यूच्या वेळी.

ह्या व्यवस्थेचा गुणांवर झालेला परिणाम दुहेरी होता. इतिहासाची, भूगोलाची किंवा गणिताची उत्तरपत्रिका ही प्रच्छन्न रूपाने इंग्रजीची उत्तरपत्रिका झाली. परीक्षक विषयाचे गुण देत होता, पण ते इंग्रजी रचनेच्या चाळणीतून गाळून आलेले होते. दुसरा परिणाम पाठांतराचा. परक्या भाषेत स्वतंत्र वाक्य रचणे धोक्याचे असते. ग्रंथातले वाक्य जसेच्या तसे उतरविणे सुरक्षित असते. हिंदी विद्यार्थ्याच्या घोकंपट्टीची जी निंदा पुढे शंभर वर्षे होत राहिली, तिच्या मुळाशी स्वभावदोषापेक्षा हा साधा हिशेब अधिक होता. त्यात ‘परीक्षेच्या निकालावर अनुदान’ ह्या पद्धतीची भर पडली. इंग्लंडात १८६२ च्या सुधारित नियमावलीने सुरू झालेली ती पद्धत मुंबई इलाख्यातही त्याच दशकात आली, आणि मुलाच्या उत्तरावर शाळेचे उत्पन्न अवलंबून राहू लागले. शिक्षकाने मग काय करावयाचे ते उघड आहे.

गुणांमागचे सामाजिक कारण पाहावयाचे तर डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या मॅट्रिकच्या परीक्षेइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून उत्तीर्ण झाले. म्हणजे शेकडा अडतीसही नव्हेत. परळच्या चाळीतील एका खोलीत कुटुंब राहत होते. रात्री लवकर निजून दोन वाजता वडिलांनी उठवावे व मग अभ्यास करावा, असा क्रम होता. त्यांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत हवी होती. अस्पृश्य म्हणून ती नाकारण्यात आली व त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृतचा अभ्यास त्यांनी पुढे स्वतःच्या बळावर केला. ह्याच विद्यार्थ्याने नंतर कोलंबिया विद्यापीठाची पीएच्. डी. आणि लंडनची डी. एस्सी. मिळविली, हे सर्वश्रुत आहे. २८२ हा आकडा खोटा नव्हता. त्या दिवशी त्या उमेदवाराने त्या भाषेत जे लिहिले त्याचे ते मोजमाप होते. मात्र खोलीचे क्षेत्रफळ, दिव्याचा उजेड आणि नाकारलेली भाषा ह्या गोष्टी त्या आकड्यात मिसळलेल्या होत्या, व त्या वेगळ्या काढण्याची कोणतीही सोय विद्यापीठापाशी नव्हती.

आतापर्यंत परीक्षार्थीकडून पाहिले. परीक्षकाकडून पाहिले असता चित्र अधिकच अस्वस्थ करणारे दिसते. फ्रान्सिस एजवर्थ ह्या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ व १८९० साली परीक्षांच्या संख्याशास्त्रावर निबंध लिहून असे दाखविले की, स्पर्धापरीक्षेच्या निकालात दैवाचा भाग थोडाथोडका नसतो. सीमारेषेजवळच्या उमेदवारांपैकी कित्येकांचे यशापयश परीक्षक कोण मिळाला ह्यावर ठरते. अमेरिकेत स्टार्च व एलियट ह्यांनी १९१३ साली भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे पाठविली, तेव्हा शंभरापैकी २८ पासून ९२ पर्यंत गुण पडले. भूमितीसारख्या विषयात हे घडावे, ह्याचे त्या काळी अनेकांना नवल वाटले. उत्तर बरोबर की चूक एवढेच शिक्षक पाहत नव्हते. मांडणी, आकृती, टापटीप ह्यांना कोणी गुण देत होते, कोणी देत नव्हते.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे असा प्रयोग सर फिलिप हार्टोग ह्यांचा. हार्टोग हे आपल्याकडील शिक्षणाच्या इतिहासात अपरिचित नाहीत. कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे (१९१७-१९) ते सदस्य होते, ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते, आणि सायमन आयोगाच्या शिक्षणविषयक साहाय्यक समितीचे अध्यक्षही होते. विद्यार्थ्यांची गळती व त्याच त्या इयत्तेत रखडणे ह्यांकडे त्या समितीच्या १९२९ च्या अहवालाने लक्ष वेधले होते. इंग्लंडात परतल्यावर हार्टोग ह्यांनी ई. सी. ऱ्होड्स ह्या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने परीक्षांचीच परीक्षा घेतली व १९३५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शालान्त परीक्षेच्या इतिहास विषयातील पंधरा उत्तरपत्रिका त्यांनी निवडल्या. त्या सर्वांना मूळ परीक्षेत सारखेच मध्यम गुण मिळालेले होते. त्या पंधरा अनुभवी परीक्षकांना तपासावयास दिल्या. गुण पडले ते २१ पासून ७० पर्यंत. एवढ्यावर हार्टोग थांबले नाहीत. वर्ष-दीड वर्ष उलटल्यावर त्यांपैकी चौदा परीक्षकांना त्याच उत्तरपत्रिका, पूर्वीच्या खुणा न ठेवता, पुन्हा देण्यात आल्या. ह्या खेपेस गुणांची व्याप्ती १६ पासून ७१ पर्यंत होती. आणि २१० निर्णयांपैकी ९२ निर्णयांत परीक्षकाने स्वतःचाच पूर्वीचा निकाल फिरविला होता. पूर्वी उत्तीर्ण ठरविलेल्यास अनुत्तीर्ण, अनुत्तीर्णास उत्तीर्ण, विशेष योग्यतेच्या उमेदवारास साधा उत्तीर्ण, अशा प्रकारे.

दोन परीक्षकांत मतभेद होणे समजण्यासारखे आहे. पण येथे परीक्षकाचे स्वतःशीच एकमत होत नव्हते. इतिहासाचे उत्तर हे निवेदन असते, युक्तिवाद असतो, आणि त्याला भाषेची शैलीही असते. ह्यांपैकी कशाला किती महत्त्व द्यावयाचे हे परीक्षकाच्या मनात ठरलेले नसेल, तर सकाळी तपासलेल्या व संध्याकाळी तपासलेल्या उत्तरांतही फरक पडेल. भारतात हार्पर ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात दहा उत्तरपत्रिका नव्वद परीक्षकांना देऊन हाच प्रश्न पुन्हा तपासला. तत्पूर्वी राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) परीक्षापद्धतीची सुधारणा ही विद्यापीठीय शिक्षणातील पहिली निकड मानली होती. आयोगांच्या ह्या शिफारशी किती वेळा सादर झाल्या व किती वेळा बासनात गेल्या, ह्याची स्वतंत्र बखरच लिहिता येईल.

भाषेकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण मातृभाषा हे माध्यम झाल्याने प्रश्न मिटला, अशी एक समजूत आहे. कलकत्ता विद्यापीठ आयोगाने माध्यमिक शाळांत इंग्रजी व गणित वगळून इतर विषय मातृभाषेतून शिकवावे असे सुचविले होते. महर्षी कर्वे ह्यांच्या महिला विद्यापीठाने १९१६ पासूनच उच्च शिक्षणात मराठीचा अंगीकार केला होता. मराठवाड्यातील मराठी तरुणाची स्थिती मात्र निराळी : उस्मानिया विद्यापीठाने १९१८ साली इंग्रजीच्या जागी देशी भाषा आणली हे खरे, पण ती भाषा उर्दू होती, त्यामुळे ह्या तरुणाच्या दृष्टीने एका परक्या माध्यमाची जागा दुसऱ्याने घेतली, एवढेच. १९४८ साली हैदराबाद संस्थान विलीन झाले व १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले, तेव्हा ती अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. तिकडे मुंबई राज्यात १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एस्. एस्. सी. परीक्षा सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतील मुले मराठीतून उत्तरे लिहू लागली.

कोणत्या मराठीतून, हा प्रश्न येथे उद्भवतो. खानदेशातील मुलाच्या घरी ‘माझा’ नव्हे, ‘मना’ म्हणतात. वऱ्हाडातील मुलगी ‘मला’ नव्हे, ‘मले’ म्हणते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ह्या रूपांत अशुद्ध असे काही नाही. प्रत्येकीचे व्याकरण नियमबद्ध आहे. पण उत्तरपत्रिकेत ती लाल शाईने अधोरेखित होतात. पुणेरी प्रमाणभाषा घरात ऐकणाऱ्या मुलाला जी गोष्ट फुकट मिळते ती दुसऱ्याला शिकून घ्यावी लागते, आणि शिकण्यात गेलेला वेळ विषयाला मिळत नाही. शुद्धलेखनाचे पाहावे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम आले. १९७२ साली आणखी चार आले. त्यापूर्वी ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ ह्या शब्दांवरील अनुच्चारित अनुस्वार न देणे ही चूक होती. त्यानंतर तो देणे ही चूक झाली. ज्या उमेदवारांच्या डोक्यावरून हा बदल गेला त्यांच्या ज्ञानात एका रात्रीत काही घडले नव्हते.

ह्याहून सूक्ष्म अडथळा प्रश्नाच्या क्रियापदात असतो. ‘१८५७ च्या उठावाच्या स्वरूपाची चर्चा करा’ असा प्रश्न आला की ज्याला निबंधाची परंपरा ठाऊक आहे तो ओळखतो : शिपायांचे बंड की स्वातंत्र्ययुद्ध, ह्या दोन्ही बाजू मांडून निर्णय द्यावयाचा आहे. दुसरा विद्यार्थी मीरतपासून झाशीपर्यंतच्या घटना क्रमाने व बिनचूक सांगतो. त्याची माहिती पहिल्यापेक्षा अधिकही असेल, पण गुण कमी पडतात. कारण ‘चर्चा करा’ ह्या दोन शब्दांत दडलेला संकेत त्याला कोणी सांगितलेला नसतो. ‘परामर्श घ्या’, ‘विवेचन करा’, ‘मूल्यमापन करा’ ह्यांतील भेद किती प्राश्निकांना स्पष्ट असतो, ह्याचाही शोध घेण्यासारखा आहे.

घरची परिस्थिती प्रबळ की शाळा, ह्यावर अमेरिकेत कोलमन ह्यांच्या १९६६ च्या अहवालाने कौल दिला तो घराच्या बाजूने. सुमारे सहा लाख विद्यार्थी व चार हजार शाळा ह्यांची पाहणी त्यामागे होती. तो निष्कर्ष पुष्कळ काळ सार्वत्रिक मानला गेला. १९८३ साली हेनमन व लॉक्सली ह्यांनी एकोणतीस देशांची तुलना केली, तेव्हा गरीब देशांत शाळा व शिक्षक ह्यांचा प्रभाव बराच अधिक आढळला. आपल्याकडे कोलमनचा हवाला देऊन शाळांवरील खर्चाविषयी उदासीन राहणाऱ्यांनी ही दुसरी पाहणीही वाचावी. जातीच्या प्रश्नावर हॅना व लिंडन ह्यांनी भारतात केलेला प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठांवर विद्यार्थ्याची जात निव्वळ चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे लिहिली होती. तरीही खालच्या मानलेल्या जातीचा उल्लेख असलेल्या उत्तरांना ०.०३ ते ०.०८ प्रमाण विचलनाइतके गुण कमी पडले. फरक लहान आहे. पण सीमारेषेवर उभ्या असलेल्यास तो पुरेसा असतो. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी आसनक्रमांक घालण्याची जुनी प्रथा किती आवश्यक आहे, हे त्यावरून कळते.

महाराष्ट्राच्या दहावीच्या परीक्षेचा अलीकडील इतिहास ह्या संदर्भात पाहण्यासारखा आहे. २०१८ साली निकाल शेकडा ८९.४१ होता. २०१९ साली नवा अभ्यासक्रम आला व त्याच वेळी भाषा आणि सामाजिक शास्त्रे ह्यांतील शाळांच्या हाती असलेले वीस अंतर्गत गुण काढून घेण्यात आले, निकाल ७७.१० वर उतरला. २०२० साली ते गुण परत देण्यात आले, महामारीमुळे भूगोलाची परीक्षा रद्द होऊन तिचे गुण सरासरीने दिले गेले, आणि निकाल ९५.३० झाला. २०२१ साली परीक्षाच झाली नाही. शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण ठरले. ह्या चार वर्षांत महाराष्ट्रातील मुलांच्या बुद्धीत किंवा परिश्रमांत एवढे चढउतार झाले असे कोणीही म्हणणार नाही. भाषेच्या वीस गुणांत तोंडी परीक्षा मोडत होती. ती गेल्याने ज्याला बोलता येते पण लिहिता येत नाही अशा विद्यार्थ्याचे नुकसान झाले, की शाळांच्या सढळ हाताला आळा बसला, ह्यावर त्या वेळी वाद झाला. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य असणे शक्य आहे. निर्णय करावयाचा तर तोंडी व लेखी गुण विद्यार्थीवार, शाळावार व बोलीच्या प्रदेशांनुसार शेजारीशेजारी ठेवून पाहावे लागतील. अहिराणी व वऱ्हाडी प्रदेशांतील शाळांपासून ह्या कामाला आरंभ करता येईल.