चौथरा आणि घरातील कोपरा

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना पूर्वापार मज्जाव होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी वर चढली, तेव्हा चौथऱ्याची शुद्धी करण्यात आली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याचा अंमल करण्यास सरकारास बजाविले व ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्यास, ती बंदी उठली.

परंतु अशा बंदीमागील विटाळाची समजूत घरोघरी उरलीच आहे. ‘कावळा शिवला’ म्हणून कोपऱ्यात बसविलेली मुलगी आपल्याच देहास अपवित्र मानू लागते. आणि सासू झाल्यावर तोच कोपरा सुनेस दाखविते. संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच या कल्पनेस अभंगातून आव्हान दिले होते.

ज्ञातिबांधवहो, घरातील हा कोपरा न्यायालय मोडू शकत नाही. तो आपणच मोडावा, अशी आमची नम्र विनंती आहे.